सावलीच्या वाटेवर जालना

प्लूटो एखाद्या दूरच्या ताऱ्यासमोरून सरकला की त्या ताऱ्याच्या उजेडात त्याची सावली पृथ्वीवर पडते. सावलीत उभ्या असलेल्या माणसाला काहीच कळत नाही. आकाश तसेच, चांदणे तसेच. दुर्बिणीतला एक अंधुक ठिपका तेवढा दीड-दोन मिनिटे मंदावतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. तारा अफाट दूर असल्यामुळे त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात, म्हणून सावली प्लूटोएवढीच रुंद असते, सुमारे २,३८० किलोमीटर. सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर या वेगाने ती साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. जालना जिल्ह्यातल्या मंठ्यात शिरलेली तिची कड तीन-चार सेकंदांत बदनापूर ओलांडते.

याला पिधान म्हणतात. चंद्राने रोहिणी किंवा ज्येष्ठा झाकली की वर्तमानपत्रात चौकट येते आणि गच्चीवर चार माणसे जमतात. प्लूटो, एरिस, हौमिया यांच्या पिधानांना ते भाग्य नाही, कारण नुसत्या डोळ्यांना त्यात दिसण्यासारखे काही नसते. तरीही सूर्यमालेच्या कडेच्या जगांबद्दल आपल्याला जे नेमके ठाऊक आहे, त्यातले बरेचसे या क्षणभराच्या झाकण्यातून आले आहे. न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेले २०१५ मध्ये. प्लूटोला वातावरण आहे हे त्याआधी २७ वर्षे, ९ जून १९८८ च्या पिधानात पक्के झाले होते.

ही पद्धत हवीच का, याचे उत्तर अंतरात आहे. पृथ्वीवरून प्लूटोचा कोनीय व्यास जेमतेम विकलेच्या दहाव्या भागाएवढा दिसतो. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. त्याहून लहान आणि दूरचे गोल मोठ्या दुर्बिणीतही बिंदूच राहतात. बिंदूची दीप्ती मोजता येते, पण दीप्तीवरून आकार काढायचा तर पृष्ठभाग किती उजळ हे ठाऊक हवे, आणि तेच ठाऊक नसते. काळपट मोठा गोळा आणि चकाकता लहान गोळा सारखेच दिसतात. पिधानात हा घोळ उरत नाही. तारा किती सेकंद झाकला गेला आणि सावलीचा वेग किती, यांचा गुणाकार केला की किलोमीटर हातात येतात.

एरिसचे उदाहरण यात सर्वांत बोलके. २००५ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा प्लूटोपेक्षा मोठा मानला गेला, आणि त्यातून उठलेल्या वादाची परिणती २००६ मध्ये प्लूटोचे ग्रहपद जाण्यात झाली. ६ नोव्हेंबर २०१० रोजी एरिसने एक तारा झाकला. चिलीतल्या दोन ठिकाणांहून ते टिपले गेले आणि व्यास निघाला २,३२६ किलोमीटर, प्लूटोहून किंचित कमीच. निकाल आधी लागला आणि मोजमाप मागाहून आले. अर्थात प्लूटोची गच्छंती केवळ व्यासावर ठरली नव्हती, त्यामुळे फेरविचाराची मागणी करणाऱ्यांना या आकड्याचा फारसा उपयोग झाला नाही.

प्लूटोच्या बाबतीत मराठी वाचकाला आठवण व्हावी अशी एक गोष्ट वेंकटेश बापूजी केतकरांची. ज्योतिर्गणिताच्या या जाणकाराने १९११ मध्ये फ्रेंच खगोल संस्थेच्या नियतकालिकात नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे लिहिले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. जवळच्या ग्रहाचे अंतर त्यांनी सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षे काढला होता. १९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोचे आकडे ३९.५ पट आणि २४८ वर्षे. ही जवळीक अभिमानाने सांगितली जाते. मला ती योगायोग वाटते. केतकरांचा आधार गुरूच्या उपग्रहांच्या कालप्रमाणांचा होता, आणि प्लूटो इतका हलका आहे की त्याची ओढ इतर ग्रहांच्या गतीत तेव्हा कुणालाच सापडली नसती. तसा योगायोग अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेललाही लाभला. केतकरांचे मोठेपण त्यांच्या ग्रहगणितात आहे. त्याला या शिफारशीची गरज नाही.

पिधानांच्या इतिहासात भारताचा वाटा याहून ठोस आहे, आणि त्याचा एक धागा जालन्याच्याच जुन्या राज्यातून निघतो. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी हा मुलूख बहुतांश औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हैदराबादेत खासगी वेधशाळा काढली, १९०८ मध्ये ती संस्थानाने ताब्यात घेतली. हीच निजामिया वेधशाळा. पिधानाचे भाकीत करायचे तर ताऱ्यांच्या जागा नेमक्या ठाऊक हव्यात. त्या काळी जगभरच्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेऊन छायाचित्रांवरून ताऱ्यांची सूची करायचे काम अंगावर घेतले होते. चिलीतल्या सांतियागोला नेमून दिलेला पट्टा रखडला, तो हैदराबादकडे आला: खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंश. आठ इंची दुर्बिणीतून काचेच्या तबकड्यांवर छायाचित्रे घ्यायची आणि एकेका ताऱ्याची जागा मोजायची, असे काम वर्षानुवर्षे चालले आणि साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या नोंदी झाल्या. आकाशातले ताऱ्यांचे सरकणे काढण्यासाठी २००० साली टायको-२ सूची तयार झाली, तेव्हा या साऱ्या जुन्या तबकड्यांवरची मापे पुन्हा कामाला आली. ग्रह जिथून फिरतात त्या वाटेचा दक्षिणेकडचा भाग याच पट्ट्यात पडतो. २०२० मध्ये प्लूटो उणे २२ अंशांच्या आसपास होता, म्हणजे निजामियाच्याच हद्दीत.

निजामियात काम करणाऱ्या एका सहायकाचा मुलगा हैदराबादेत दुर्बिणींच्या सावलीत वाढला. तो म्हणजे वेणू बाप्पू. पुढे नैनितालच्या उत्तर प्रदेश राज्य वेधशाळेची घडी त्यांनी बसवली, १९६० मध्ये कोडाईकनालची सूत्रे घेतली आणि तमिळनाडूत कावलूरची वेधशाळा उभी केली. भारतातली दूरच्या गोलांची पिधाने बव्हंशी नैनिताल आणि कावलूर याच दोन जागांवरून टिपली गेली. बाप्पूंनी नैनिताल सोडल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, पल्लास या लघुग्रहाचे पिधान तिथून नोंदले गेले. लघुग्रहाचे पिधान टिपणे ही तेव्हा जगातही दुर्मीळ गोष्ट होती.

कावलूरची एक मीटर दुर्बीण १९७२ मध्ये आली आणि त्याच वर्षी ७ जूनला गुरूचा उपग्रह गॅनिमीड एका ताऱ्यावरून गेला. कावलूरहून जे. सी. भट्टाचार्य त्या मोहिमेत होते. तारा एकदम न विझता कडेला किंचित रेंगाळला असे वाटले, आणि गॅनिमीडला वातावरण असल्याचा निष्कर्ष १९७३ मध्ये छापून आला. व्हॉयेजर १ ने १९७९ मध्ये जवळून पाहिले तेव्हा तो टिकला नाही; वातावरण असलेच तर त्या अंदाजाच्या मानाने कमालीचे विरळ होते. पिधानाच्या यशोगाथा सांगताना हे प्रकरण सहसा गाळले जाते. ते गाळू नये, कारण आलेखाच्या कडेवरची छोटीशी उतरण हवेची की उपकरणाची, हा प्रश्न या विद्येत आजही रोजचा आहे.

१० मार्च १९७७ ची रात्र मात्र पुस्तकात गेली. युरेनस तूळ राशीतल्या एका ताऱ्यासमोरून जाणार होता. सावलीचा मार्ग नक्की सांगता येत नव्हता, म्हणून जेम्स इलियट आणि त्यांचे सहकारी विमानात बसवलेली कायपर वेधशाळा घेऊन हिंदी महासागराच्या दक्षिण भागावर गेले. उपकरण वेळेच्या बरेच आधी सुरू केले होते. युरेनस ताऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच तारा पुनःपुन्हा क्षणभर मंदावला, आणि पलीकडे गेल्यावरही तसाच. त्याच रात्री कावलूरला भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी, नैनितालला एच. एस. महरा आणि एस. के. गुप्ता हेही दुर्बिणीवर होते. कावलूरच्या आलेखात काही सेकंदांची ठळक खाच आली. ती युरेनसच्या नव्या उपग्रहाची असावी, असे भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले. इलियट यांनी आपल्या खाचा ग्रहाच्या दोन्ही बाजूंना जोडीने येतात हे पाहून कड्यांचा निष्कर्ष काढला, आणि तोच खरा ठरला. पुढे भट्टाचार्य आणि बाप्पू यांनीही कावलूरच्या नोंदी नव्याने तपासून कड्यांवर लिहिले. शोधाचे श्रेय कोणाचे यावर आपल्याकडे अधूनमधून हळहळ व्यक्त होते. माझ्या मते फरक दुर्बिणीचा नव्हता. एका ठिकाणाहून एक खाच दिसली तर उपग्रह सुचणे स्वाभाविकच होते. ग्रहाच्या दोन्ही बाजू ज्याच्या आलेखात आल्या त्याला कडी दिसली.

कड्यांची ही कथा तिथेच थांबली नाही. ३ जून २०१३ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या दुर्बिणींनी कॅरिक्लो या जेमतेम अडीचशे किलोमीटर व्यासाच्या गोलाचे पिधान टिपले आणि त्याच्याभोवती दोन अरुंद कडी सापडली. तोवर कडी म्हणजे चार महाग्रहांचाच दागिना असे मानले जाई. २१ जानेवारी २०१७ ला युरोपातल्या दहा वेधशाळांनी हौमियाचे कडे शोधले, सुमारे ७० किलोमीटर रुंद. २०२३ मध्ये नेपच्यूनपलीकडच्या क्वावारची पाळी आली आणि गणित करणारे गोंधळात पडले: त्याचे कडे केंद्रापासून चार हजार किलोमीटरांहून लांब, जिथे खरे तर धुळीचे कण एकत्र येऊन उपग्रह व्हायला हवा तिथे. ते तसे का राहिले याची स्पष्टीकरणे येत आहेत. सर्वमान्य एकही नाही.

वातावरणाच्या बाबतीत सगळ्यात रंगलेला वाद प्लूटोचाच. १९८९ मध्ये प्लूटो सूर्याच्या सर्वांत जवळ येऊन गेला, त्यानंतर तो दूर चालला आहे. म्हणजे थंडी वाढून नायट्रोजन गोठावा आणि हवा विरळ व्हावी. पिधानांनी उलटेच दाखवले: १९८८ पासून २०१५ पर्यंत दाब जवळजवळ तिप्पट झाला. साठलेल्या नायट्रोजनाच्या बर्फाला तापायला वेळ लागतो, हे त्याचे कारण. मग जपानी निरीक्षकांनी जुलै २०१९ च्या पिधानावरून दाब एकदम पाचव्या हिश्श्याने घसरल्याचे सांगितले. याला उत्तर आले ते उत्तराखंडातल्या देवस्थळहून. बाप्पूंच्या त्या नैनिताल वेधशाळेचीच आजची संस्था तिथे ३.६ मीटर आणि १.३ मीटर अशा दोन दुर्बिणी चालवते. ६ जून २०२० रोजी, कोरोनाच्या निर्बंधांच्या दिवसांत, दोन्हींनी प्लूटोचे पिधान टिपले. दाब निघाला सुमारे १२.२ मायक्रोबार, पृथ्वीवरच्या समुद्रसपाटीच्या दाबाच्या ऐंशी हजाराव्या भागाहून कमी. म्हणजे घसरण नाही, २०१५ पासून पठार. मला देवस्थळचा आलेख अधिक भरवशाचा वाटतो; तिथे दुर्बीण मोठी होती आणि ताऱ्याचा उजेडही भरपूर मिळाला.

आता जालन्याकडे. जिल्ह्यात मोठी वेधशाळा नाही, आणि पिधानासाठी ती असायलाच हवी असेही नाही. या विद्येत निरीक्षक कुठे उभा आहे याला दुर्बिणीच्या आकाराइतकेच वजन असते. एक निरीक्षक म्हणजे गोलाचा एक काप, मोसंबीच्या चकतीसारखा. अनेक काप उत्तर-दक्षिण अंतराअंतराने मिळाले तरच पूर्ण आकार कळतो. भारताच्या नकाशावर देवस्थळ २९ अंश उत्तरेला, कावलूर साडेबारा अंशांवर. मधले अंतर सुमारे १,८५० किलोमीटर. प्लूटो किंवा एरिसची सावली या दोघांना एकदम झाकू शकेल, पण मकेमके या तसल्याच दूरच्या गोलाची सुमारे १,४३० किलोमीटरची किंवा क्वावारची अकराशे किलोमीटरची सावली दोघांच्या मधून बिनबोभाट निघून जाऊ शकते. या फटीत पुण्याच्या आयुका या संस्थेची गिरवलीची दोन मीटर दुर्बीण २००६ पासून आहे. जालना तिच्या पूर्वेला दोनशेहून अधिक आणि उत्तरेला सुमारे पंच्याऐंशी किलोमीटर. ही उत्तरेकडची सरक महत्त्वाची, कारण सावली पूर्व-पश्चिम जाते. गिरवलीचा काप आणि जालन्याचा काप वेगळे येतात.

आड येतो तो पावसाळा. प्लूटो सध्या जुलैच्या अखेरीस सूर्यासमोर येतो आणि रात्रभर दिसतो, म्हणजे ऐन आषाढ-श्रावणात. क्वावारची वेळ जूनअखेरची. चंद्राने शनीला झाकले ते २५ जुलै २०२४ च्या पहाटेआधी. तेव्हा महाराष्ट्रात किती जणांना ढगांतून काय दिसले ते त्यांनाच ठाऊक. देवस्थळच्या प्लूटोची तारीखही पाहावी: तीनच दिवस आधी निसर्ग चक्रीवादळ अलिबागला धडकले होते. प्लूटोची ही वेळ वर्षाला दोनेक दिवसांनी पुढे सरकते, म्हणजे पावसाळ्याबाहेर पडायला त्याला काही दशके लागतील. तोवर मे महिन्यातल्या उत्तररात्री आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी मिळतील तेवढ्या संधी.

हौमिया आणि मकेमके यांचे मात्र मराठवाड्याशी जमते. मकेमके मार्चअखेरीस आणि हौमिया एप्रिलच्या मध्याला मध्यरात्रीनंतर माथ्यावर येतात. दोघांचे स्थान खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेस पंधरा ते एकवीस-बावीस अंश, जालन्याचा अक्षांश १९.८. म्हणजे दोघेही जवळजवळ डोक्यावरून जातात, जिथे हवेचा थर सर्वांत पातळ. आकाश तेव्हा कोरडे असते. अवकाळी पावसाची चुकार संध्याकाळ सोडली तर. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीतल्या पोलादाच्या भट्ट्या आणि दिवे यांच्यापासून दूर, जाफराबाद-भोकरदनकडे किंवा मंठ्याच्या बाजूला काळोख बरा मिळतो. मंठ्याहून पुढे लोणार लागते. तिथे सूर्यमालेतल्या एका दगडाने पुराव्यादाखल १.८ किलोमीटर रुंदीचे विवर ठेवले आहे, तेव्हा परिसराला विषय अगदीच नवा नाही.

साधनांचा खर्च आता आवाक्यातला आहे, अडचण वेळेच्या शिस्तीची आहे. सावली सेकंदाला वीसेक किलोमीटर धावते, म्हणून घड्याळ दशांश सेकंद चुकले की माप दोन किलोमीटरने बिघडते. २०१३ च्या मोजमापात कॅरिक्लोच्या बारक्या कड्याची रुंदीच तीनेक किलोमीटर निघाली होती. मोबाइलवरच्या घड्याळावर इथे भागत नाही. कॅमेऱ्याच्या प्रत्येक चौकटीवर जीपीएसची वेळ उमटली पाहिजे. आठ-दहा इंची दुर्बिणीला मध्यम अंधूक तारे पुरतात, लघुग्रहांच्या पिधानांचा सराव तिच्यावर उत्तम होतो. नेपच्यूनपलीकडचे गोल बहुधा फारच मंद ताऱ्यांवरून जातात. ते गिरवलीने पाहावेत आणि तारा उजळ असेल तेव्हा जिल्ह्यातल्यांनी साथ द्यावी.

सावली कुठे पडणार हे सांगण्याचे काम ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया यानाने सोपे केले. विकलेच्या दहाव्या भागाची चूक प्लूटोच्या अंतरावर दोन हजार किलोमीटरांहून मोठी होते. हैदराबादच्या तबकड्यांची, आणि १९७७ च्या भाकितांचीही, हीच मर्यादा होती. गायाच्या २०१८ च्या सूचीनंतर ताऱ्याच्या जागेतली चूक विकलेच्या हजाराव्या भागाखाली गेली, आणि मकेमकेच्याही पलीकडच्या अंतरावर तिचा अर्थ काही दशक किलोमीटर इतकाच उरतो. राहते ती गोलाच्या स्वतःच्या कक्षेतली चूक. प्रत्येक पिधान ती थोडी कमी करते, म्हणून एकदा सापडलेला गोल पुढच्या वेळी हमखास सापडतो.

भाकिताशिवायही या क्षेत्रात काही हाती लागते, हे जपानने दाखवले. ओकिनावातल्या मियाको बेटावर एका शाळेच्या छपरावर दोन २८ सेंटीमीटरच्या दुर्बिणी मांडून सुमारे दोन हजार ताऱ्यांवर साठ तास नजर ठेवली गेली. दोन्ही दुर्बिणींत एकाच क्षणी एक तारा मंदावला. अरिमात्सु आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जाहीर केले की तो नेपच्यूनपलीकडचा, अवघ्या १.३ किलोमीटर त्रिज्येचा दगड असावा. एवढ्या लहान वस्तूची सावली कडेला धूसर होऊन पसरते, त्यामुळे हा शोध संख्याशास्त्रावर बराच अवलंबून आहे आणि त्यावर शंका घेणारेही आहेत. पण शाळेच्या छपराला हरकत कोणी घेतलेली नाही.

न्यू होरायझन्स नेपच्यूनपलीकडच्या ज्या ॲरोकोथ या वस्तूजवळून १ जानेवारी २०१९ रोजी गेले, त्याची तयारी पिधानांनीच झाली. ३ जून २०१७ ला अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत दुर्बिणींच्या रांगा लावल्या. एकीलाही काही दिसले नाही. १७ जुलैला पॅटागोनियात २४ दुर्बिणी होत्या. स्थानिक लोकांनी रस्त्यावरचे दिवे घालवले, महामार्गाची वाहतूक थांबवली, वारा अडवायला ट्रक आडवे लावले. पाच दुर्बिणींत तारा मिटला आणि त्या पाच कापांतून दोन गोळे चिकटल्यासारखा आकार दिसला, जो यानाच्या छायाचित्रांनी खरा ठरवला. जूनमधल्या कोऱ्या नोंदीही फुकट गेल्या नव्हत्या. वस्तू समजली होती तितकी मोठी नसावी, हा संशय त्यांच्यावरूनच आला होता. उद्या एखाद्या गोलाची सावली मराठवाड्यावरून गेली, अंबडला तारा चार सेकंद मिटला आणि जाफराबादला मुळीच मिटला नाही, तर जाफराबादच्या निरीक्षकाने आपला सपाट आलेख वेळेसकट पाठवावा. त्या दोन गावांत उत्तर-दक्षिण सुमारे पासष्ट किलोमीटर आहेत, आणि गोलाची कड त्यांच्यामध्ये कुठेतरी आहे हे त्या सपाट आलेखाशिवाय सिद्ध होत नाही.